ऑरेलिया हेसचे पाय

ऑरेलिया हेसला पायांचे दोन जोड होते. एक दिसणारा आणि एक ऐकू येणारा. दोन्हींचे बूट मीच शिवत होतो, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो.

दिसणारा जोड तिचा स्वतःचा. साडेपाच नंबर, निमुळता, जन्मात कधी अनवाणी न चाललेला. ऐकू येणारा जोड ग्वेन प्रॉसरचा. सात नंबर, रुंद, डाव्या अंगठ्याशी हाड वाढलेलं. ऑरेलियाचं जुनं चित्र आजही कुठे पडद्यावर लागलं की म्हाताऱ्या बायका रुमाल काढून बसतात. काय ते पाय, काय तो ठेका! मी जवळपास असलो तर मुद्दाम खोकतो, आणि माझी बायको कारमेला मला कोपर मारते. "गप बस, सॅल. त्या कागदावर तुझी सही आहे."

सही आहे खरी. स्टुडिओत कामाला लागताना सगळ्यांनाच करावी लागे. इथे पाहिलेलं बाहेर बोलणार नाही, म्हणून. पण त्या स्टुडिओच्या जागी आता मोटारी उभ्या करतात, आणि ग्वेनला जाऊन येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. आता कोणाला भ्यायचं?

बाहेरच्यांना वाटतं, नाच दिसतो तसाच ऐकू येतो. आमच्याकडची नाचाची जमीन काळी आणि चकचकीत. चवड्याला आणि टाचेला वाजणारी धातूची पत्री ठोकलेला बूट तिच्यावर घासला की ओरखडा उठणार, आणि ओरखडा दिसला की कॅमेरावाला आभाळ डोक्यावर घेणार. म्हणून चित्रीकरणाला मी रबरी तळाचे बूट द्यायचो. ऑरेलिया आणि टेडी पाइक, आमची ती जगप्रसिद्ध जोडी, एवढी थिरकायची, गिरक्या घ्यायची, जिने चढायची-उतरायची, पण पायांचा आवाज शून्य. तो आवाज दोन आठवड्यांनी भरायचा. एका कोंदट खोलीत लाकडी फळी मांडायची, भिंतीवर चित्र सोडायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि पत्रीचे बूट घालून पडद्यावरच्या पायांबरोबर पाय वाजवायचे.

टेडी आपले ठोके आपणच द्यायचा. ऑरेलियाचे द्यायची ग्वेन. ऑरेलिया गायची छान, हसायची त्याहून छान, आणि तिची नुसती पाठ पाहूनसुद्धा माणसं तिच्या प्रेमात पडायची. पण नाच ती तीनच वर्षांपूर्वी शिकली होती. पाय जागेवर पोचायचा, जरासा उशिरा. डोळ्याला ते कळत नाही. कान मात्र लगेच पकडतो.

ग्वेनचं आणखी एक काम होतं. नाच बसवणारा ग्रोगन प्रत्येक पाऊल आधी तिच्यावर बसवायचा आणि मग ती ते ऑरेलियाला शिकवायची. म्हणजे नाच आधी तिच्या पायांत, मधे ऑरेलियाच्या पायांत, शेवटी पुन्हा तिच्याच पायांत. चित्राच्या सुरुवातीला नावं येत, त्यांत केस विंचरणारीचं नाव असे, हिचं नसे. ध्वनीवाले तर तिला नावानं हाकच मारत नसत. "पाय आले का? पायांना सांगा, दुसरं रीळ लावतोय." पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. ते आठवलं की आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुपारी ती माझ्या बुटांच्या खोलीत जेवायला यायची. उकडलेल्या अंड्याचा कोरडा पाव तिच्या डब्यात, कारमेलानं भरलेलं वांग्याचं आणि चीजचं सँडविच माझ्या. माझं निम्मं तिच्या पोटात जायचं.

"सॅल, तुझ्या बायकोनं माझ्याशी लग्न करायला हवं होतं."

"तिलाही तसंच वाटतं. हल्ली डबा दोघांचा भरते."

ती स्क्रॅन्टनची. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या वेल्श माणसाची मुलगी. तिकडे ही माणसं लाकडी तळाचे बूट घालून नाचतात. शनिवारी हॉलमध्ये चढाओढ, रविवारी चॅपलमध्ये त्याच तोंडांनी भजनं. तिचा बाप नाचून झाला की वाकून नमस्कार करायचा, टाळ्या घ्यायचा, पाठ फिरवून दाराबाहेर जायचा. लोक उठायला लागले, टोप्या शोधायला लागले, की दाराबाहेरून टाचेचा एकच ठोका. ठाक! सगळा हॉल हसायचा. घरी ते लोक त्या ठोक्याला 'राहिलेला' म्हणायचे. अरे, एक राहिलाच की! बाप कोळशाची धूळ खाऊन एकेचाळिसाव्या वर्षी गेला. घर खाणीच्या मालकाचं, ते गेलं. ग्वेनच्या वाट्याला आला तो हा राहिलेला.

तिला हवं होतं एकच. पडद्यावर एक नाच, तोंडासकट. नायिका नको, नाव मोठं नको. "आई स्क्रॅन्टनच्या थिएटरात बसेल आणि शेजारणीला म्हणेल, ती बघ आमची ग्वेन. बस, सॅल. मग मरेपर्यंत मी दुसऱ्यांचे पाय वाजवीन." ग्रोगननं तिला शब्द दिला होता. "तिसरं चित्र पडद्यावर जाऊ दे, बाळ. चौथ्यात एक नाच तुझा."

छत्तीस साली तिसरं चित्र झालं. गोष्ट नेहमीचीच. त्याला ती हॉटेलातली मोलकरीण वाटते, तिला तो लखपती वाटतो, दोघांचंही उलटं निघतं, मधे पाच वेळा भांडण आणि सहा वेळा नाच. शेवटच्या नाचात दोघं नाचत नाचत एका पांढऱ्या दारातून आत जातात, दार लागतं आणि रिकामी खोली तेवढी दिसत राहते. तिथे ध्वनीत काहीच नव्हतं. ग्वेननं हेडफोन लावले, सगळा नाच तोलून मापून वाजवला, दार लागलं, टेडी हेडफोन काढायला लागला, ध्वनीवाला यंत्राकडे वळला, आणि हिनं टाच आपटली. ठाक!

ग्रोगन भडकला. "हे काय? कोणी सांगितलं होतं तुला?"

"पाय घसरला, मिस्टर ग्रोगन."

पण मागे बसलेला दिग्दर्शक पोट धरून हसत होता. "राहू दे, राहू दे! दाराआडून वाजतोय ना, फारच छान. ठेवा तो."

दुपारी माझ्या खोलीत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. म्हणाली, "सबंध चित्रात जिथे तिचे पाय दिसत नाहीत अशी ती एकच जागा होती, सॅल. तिथे मी माझा ठेवला."

मला फार आवडलं ते. मी माझं सगळं सँडविच तिला दिलं. आम्हां दोघांनाही तेव्हा कळलं नाही की हे हात दाखवून अवलक्षण झालं.

चित्र लागलं. न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत लोक त्या एका ठोक्याला हसले. वर्तमानपत्रांनी लिहिलं, ऑरेलिया हेसच्या टाचेत साऱ्या हॉलिवूडच्या तोंडात नाही एवढा विनोद आहे. शाळेतल्या पोरी वर्गाबाहेर जाताना टाच आपटायला लागल्या. त्याला नावही पडलं, 'ऑरेलियाचा ठोका'.

ग्वेन ग्रोगनकडे गेली. मी बाहेर बूट घेऊन उभा होतो आणि दार उघडंच होतं.

"मिस्टर ग्रोगन, तो ठोका माझा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आता चौथ्या चित्रात मला..."

"बाळ, जरा डोकं चालव. तो ठोका तुझा म्हटलं की लोक विचारतील, मग बाकीचे कोणाचे? काय सांगू त्यांना?"

"माझेच, म्हणून सांगा."

"आणि तुझं तोंड पडद्यावर आलं, तू नाचलीस, आणि कोणा शहाण्याच्या कानाला ओळख पटली, की ही टाच तर ऑरेलियाच्या चित्रांतली, तर? नाही, नाही. आता तर तुला पडद्यावर आणणं शक्यच नाही."

म्हणजे ती चांगली नाचते म्हणून तिनं नाचायचं नाही. मला त्याच्या डोक्यात बूट घालावासा वाटला. हातात होताच.

मग ऑरेलिया आली. तिला आयत्या बिळावर नागोबा म्हणून मी मोकळा झालो असतो, पण खोटं कशाला बोलू? बाई वाईट नव्हती. सरावात बोटं फुटून रक्त यायचं, तरी ती बूट काढायची नाही. तिनं माझ्या खोलीचं दार लावलं आणि ग्वेनसमोर माझ्या उंच स्टुलावर बसली.

"बोस्टनला दोन हजार माणसं ओरडत होती, ठोका मारा, ठोका मारा. मला काही कळेना. मी म्हटलं, कसला ठोका? त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय, आणि ती आणखीच हसली." तिनं ग्वेनकडे पाहिलं. "मला लाज वाटते गं. पण माझ्या नावानं मागतात. शिकवशील?"

ग्वेन उठून उभी राहिली. मग म्हणाली, "उठा, मिस हेस. टाच आपटायची नाही, सोडायची. हातातून वस्तू पडते तशी. आणि त्याआधी थांबायचं. लोकांना वाटलं पाहिजे, ही गेली."

"किती थांबायचं?"

"माझे वडील टोपी डोक्यावर चढवण्याइतकं थांबायचे."

दोन दिवसांत ऑरेलियाला ते आलं. आजवर तिचा ठोका उशिराच पडायचा, आणि इथे उशीरच हवा होता. ती गेल्यावर मी ग्वेनवर ओरडलो. "कशाला शिकवलंस? सांगायचं, येत नाही म्हणून!"

"शिकवणं माझं काम आहे, सॅल. आणि चुकीचा मारला असता तर बापाची लाज गेली असती."

चौथं चित्र झालं, पाचवं झालं. ग्वेनचा नाच कुठेच नव्हता. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, इथे गरजही सरली नव्हती. प्रत्येक चित्रात आता शेवटी एक दार लागायचं आणि तिला तो ठोका हुकमावरून द्यावा लागायचा. ध्वनीवाला बोट वर करायचा, बोट खाली आलं की ठाक.

एकोणचाळीस साली टेडी आणि ऑरेलियाचं बिनसलं, जोडी फुटली. टेकडीपलीकडच्या स्टुडिओत एका चित्रासाठी नाचणारी बाई हवी होती, दुय्यम नायिका, दोन नाच, तोंडासकट. ग्वेन तेव्हा एकतीस वर्षांची. मी तिच्यासाठी नवे बूट शिवले. पत्री स्वतः घासून बसवली, डाव्या अंगठ्याच्या हाडाला जागा ठेवली, आणि एका मंगळवारी रजा टाकून खोका काखेत मारून तिच्याबरोबर गेलो.

टेबलाशी पाच माणसं होती. मधला लाउडन, तिथला मुख्य. ग्वेन नाचली. तशी नाचलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, कारण आजवर ती कोणाच्या तरी पायांवर नजर ठेवूनच नाचत होती. पियानोवाला वाजवता वाजवता वर बघायला लागला. लाउडननं सिगार राखदाणीत ठेवली ती ठेवलीच. नाच संपला, तिनं वाकून नमस्कार केला, दाराकडे गेली, बाहेर पडली. ती पाची माणसं एकमेकांकडे वळून बोलायला लागली, आणि दाराबाहेरून, ठाक.

कोणी हसलं नाही. लाउडननं तोंड वाकडं केलं. ती आत आली तेव्हा तो म्हणाला, "छान चाललं होतं हो, मिस प्रॉसर. पण तो शेवट काढा. ऑरेलिया हेसची नक्कल करणाऱ्या या आठवड्यात अकरा आल्या."

"ती नक्कल नाही," ग्वेन म्हणाली. "तो ठोका माझा आहे. माझ्या वडलांचा. तिला मी शिकवलाय."

"हो का? आणि मी टेडी पाइकची आई." आता मात्र सगळे हसले.

"तिच्या सगळ्या चित्रांत मीच वाजवलंय. पहिल्यापासून." हे तिनं बोलायला नको होतं. कागदावर तिचीही सही होती. पण ती थांबली नाही, आणि तिनं माझ्याकडे बोट केलं. "सॅलला विचारा. तो तिथेच कामाला आहे. त्याला सगळं माहीत आहे."

लाउडननं चष्मा वर केला. "अरे, तू तर तिकडचा बूटवाला ना? माझ्या बायकोचे बूट तूच नीट करून दिलेस. बोल बाबा, कोणाचा ठोका?"

मी पियानोला टेकून उभा होतो. नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. लाउडन आणि ग्रोगन दर रविवारी एकत्र गोल्फ खेळायचे. कारमेलाला तिसरं व्हायचं होतं. शहरात माझ्यासारखे बूटवाले कामाविना भटकत होते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही तेव्हा माझ्या मनात नव्हतं. पाच मोठी माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी घाबरलो. बस.

"मिस हेसचा," मी म्हणालो.

"आणि ही बाई?"

"ही सरावाला मदत करते."

लाउडननं सिगार उचलली. "पुढची पाठवा."

बसथांब्यावर ग्वेननं बूट काढून खोक्यात ठेवले, खोका माझ्या मांडीवर दिला आणि आपले जुने बूट घातले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "पत्री चांगली बसली होती, सॅल." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती जेवायला माझ्या खोलीत आली नाही. तिचे बूट दुरुस्तीला दुसऱ्या कोणाच्या हाती यायचे, चिठ्ठीवर मोजके शब्द: डावी टाच, सैल. मी ते नको इतकं मन लावून नीट करायचो. कारमेला कित्येक महिने डब्यात दोघांचं भरत होती. शेवटी मी तिला सांगितलं. त्या रात्रीपासून डबा एकाचाच झाला.

युद्धात तसली चित्रं आटली, ग्वेनला कामावरून निरोप मिळाला. तिनं बर्बँकला एका लोखंडी सामानाच्या दुकानावर माडी घेऊन मुलींचा नाचाचा वर्ग काढला. लग्न केलं नाही. आई स्क्रॅन्टनमध्ये वारली. ग्वेन हॉलिवूडमध्ये टायपिस्ट आहे, अशीच तिची शेवटपर्यंत समजूत होती. मुलीनंच तसं लिहिलं होतं, कारण थिएटरात दाखवायला काही नव्हतं.

बावन्न साली तिचं पत्र आलं. मुलींच्या बुटांना पत्री बसवणारा धड माणूस मिळत नाही, येशील का? तेरा वर्षांनी! मी हत्यारं गुंडाळली आणि निघालो. केस पांढरे झाले होते तिचे. मला खुर्ची दिली, कॉफी दिली, कारमेलाची चौकशी केली. मी कोपऱ्यात बसून पत्र्या ठोकायला लागलो. मला वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं.

तेवढ्यात एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. "मिस प्रॉसर, हिला शाळेच्या कार्यक्रमात 'ऑरेलियाचा ठोका' करायचाय. तुम्हाला येतो का तो?"

"येतो की," ग्वेन म्हणाली. "मुलींनो, रांगेत या. आज आपण ऑरेलियाचा ठोका शिकू."

माझ्या हातातली हातोडी खाली पडली. आजवर जे कोंडून ठेवलं होतं ते सगळं तोंडाशी आलं, आणि मी उभा राहिलो. "ऑरेलियाचा नाही! मुलींनो, ऐका. तो ठोका ह्या तुमच्या बाईंचा आहे. ह्यांच्या वडलांचा. ऑरेलियाला ह्यांनी शिकवला, माझ्या खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत. तिच्या सगळ्या चित्रांत पाय ह्यांचे वाजलेत!"

त्या मुलीची आई माझ्याकडे, पिऊन आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघत होती. एक लाल केसांची मुलगी पुढे आली. "खरंच, मिस प्रॉसर?"

ग्वेननं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मी ते सोसलं असतं.

"नाही गं," ती म्हणाली. "सॅलकाका गंमत करतायत. ठोका मिस हेसचाच. काकांनीच एकदा सांगितलं होतं, पाच माणसांसमोर, माझ्यादेखत."

मुलगी माझ्याकडे वळली. "सांगितलं होतं तुम्ही, काका?"

ग्वेन वाट बघत होती. मी हातोडी उचलली, खाली बसलो.

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं."